धावपट्टीपलीकडची नोंद

पुण्यात विमानांचे फोटो काढायचे असतील, तर कॅमेरा कुठे बाहेर काढायचा नाही हे आधी शिकावं लागतं. लोहगावचा तळ हवाई दलाचा. प्रवासी टर्मिनल म्हणजे त्या तळाच्या एका कडेला नागरी वाहतुकीसाठी दिलेली जागा. दिल्लीला निघालेलं प्रवासी विमान आणि सरावाला निघालेली सुखोई लढाऊ विमानांची जोडी, दोघांना धावपट्टी एकच. जगात अनेक ठिकाणी लोक कुंपणाला टेकून तासन् तास विमानं टिपत बसतात. इथे ते करता येत नाही आणि करूही नये.

तरीही माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा आनंद मला विमानांनीच दिला. मी एका मराठी दैनिकात छायाचित्रकार होतो. रोजचं काम ठरलेलं असायचं: महापालिकेची सभा, पावसाळ्यातले रस्ते, पालखीचा मुक्काम, लक्ष्मी रस्त्यावरची विसर्जनाची मिरवणूक. पण हवाई दलाचं किंवा विमानतळाचं निमंत्रण आलं की मी संपादकांच्या टेबलापाशी जाऊन ते मागून घ्यायचो. पुढे पुढे न मागताही ते माझ्याकडे येऊ लागलं.

या वेडाचं मूळ घरात होतं. आम्ही कळसला राहायचो. विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर, कळस या सगळ्या पट्ट्यात आवाजाची सवय जन्मापासून. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता बाई खडू तसाच धरून थांबायच्या, विमान गेलं की वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे सुरू. १९८७ मध्ये मिग-२९ भारतात आलं आणि त्याचं पहिलं ठाणं पुणेच होतं. त्याआधीच्या विमानांपेक्षा हा आवाज वेगळा आहे, हे आम्हा पोरांना कुणी न सांगता कळलं होतं.

आमच्या आळीत हवाई दलातून निवृत्त झालेले एक तंत्रज्ञ राहायचे. सगळे त्यांना सार्जंटकाका म्हणायचे. संध्याकाळी ते गच्चीत खुर्ची टाकून बसत. आम्ही माना वर करून विमान शोधायला लागलो की म्हणत, "आधी बघू नका रे. आधी ऐका." इंजिनं एक की दोन, विमान चढतंय की उतरतंय, वळण घेतंय की सरळ जातंय, हे सगळं डोळे मिटून सांगायला त्यांनी शिकवलं. मग डोळे उघडून पंखांची ठेवण, शेपट्यांची संख्या, नाकाचा आकार. पुढे सुखोई आल्यावर ते एकदा म्हणाले, "मिग कानाला लागतं, सुखोई छातीला लागतं." इतकी वर्षं झाली, दोन विमानांतला फरक याहून नेमका मला कुणी सांगितलेला नाही.

ही विद्या जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ऑब्झर्व्हर कोअरचे हजारो स्वयंसेवक टेकड्यांवर, शेतांत बसून आवाजावरून आणि आकारावरून विमान आपलं की शत्रूचं हे ओळखत आणि फोनवरून कळवत. १९४१ मध्ये त्या दलाला 'रॉयल' हा किताब मिळाला. युद्ध संपलं, पण विमान ओळखण्याची आवड राहिली, आणि तिच्यातून आजचा स्पॉटिंगचा छंद वाढला. आज ज्याच्याकडे पहारेकरी संशयाने बघतो, त्याच्या छंदाची सुरुवात पहाऱ्यातूनच झाली आहे. लोहगावचा तळही त्याच काळातला. मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी ब्रिटिशांनी तो १९३९ मध्ये उभा केला.

स्पॉटर करतो काय, तर नोंद. विमानाच्या अंगावर लिहिलेला नोंदणी क्रमांक, विमानाचा प्रकार, कंपनी, तारीख, वेळ, कुठून आलं, कुठे गेलं. भारतातल्या प्रत्येक नागरी विमानाचा क्रमांक 'व्हीटी'ने सुरू होतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते पस मॉथ विमान होतं व्हीटी-एडीएन. पाच अक्षरांची ही खूण नोंदली गेली, म्हणून आज त्या एका यंत्राबद्दल बोलता येतं. नाहीतर ते 'टाटांचं जुनं विमान' एवढंच उरलं असतं.

मीही वही ठेवली. तिच्यात फक्त नागरी विमानं आहेत. लढाऊ विमानं कधी उडाली, किती उडाली, कुठे उभी होती, यातलं काहीही मी लिहून ठेवलेलं नाही. ऐकायचं, ओळखायचं आणि सोडून द्यायचं. हा नियम मला कुणी घालून दिला नव्हता. ज्या गावात तळ आहे, त्या गावच्या माणसाने तो स्वतःच पाळायचा असतो असं मला वाटत आलं आहे.

लढाऊ विमानांचे फोटो मी काढले ते बोलावल्यावरच. ११ जून १९९७ ला पहिली सुखोई-३० विमानं हवाई दलात औपचारिकपणे दाखल झाली, ती लोहगावलाच. पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल आले होते. तेव्हा फिल्मचे दिवस होते. छत्तीस फ्रेमचा रोल संपायचा नेमका विमान वळण घेत असताना, म्हणून शेवटच्या सहा-सात फ्रेम राखून ठेवायच्या हा आमच्यातला अलिखित शिरस्ता. २७ सप्टेंबर २००२ ला सुखोई-३० एमकेआय आलं. याच्या इंजिनांची तोंडं हलतात, त्यामुळे इतर विमान जिथे कोसळेल तिथे हे स्वतःभोवती फिरू शकतं. दोन वर्षांनी हीच विमानं नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली.

८ जून २००६ ला राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम लोहगावहून सुखोईत बसून उडाले. तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. तरुणपणी त्यांना हवाई दलात वैमानिक व्हायचं होतं. डेहराडूनच्या निवड चाचणीत आठ जागा होत्या आणि त्यांचा क्रमांक नववा आला. हे त्यांनी स्वतः लिहिलं आहे, त्यामुळे तिथे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. विमान परत आलं, मागचा पॅराशूट उघडला, वेग कमी झाला, कॉकपिटची काच वर गेली. त्या क्षणी मी लेन्स विमानावरून काढून माणसावर नेली. विमान मला फार आवडतं, पण त्या दिवशी बातमी त्या विमानात बसलेल्या माणसाच्या आयुष्याची होती. २५ नोव्हेंबर २००९ ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील त्याच तळावरून सुखोईत उडाल्या. त्यांचंही वय चौऱ्याहत्तर. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या एका आजींनी अंकातला तो फोटो कापून देवघराशेजारच्या भिंतीला लावला.

आता थोडं तंत्राबद्दल, कारण तरुण मुलं हेच आधी विचारतात. विमानाचा फोटो म्हणजे वेग गोठवणं, असा समज असतो. जेट विमानासाठी ते ठीक आहे. शटर एक हजारांश सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावा. पण पंख्याच्या विमानाला हा नियम लावला, तर पंख्याची पाती जागच्या जागी थिजलेली दिसतात आणि विमान आकाशात टांगून ठेवल्यासारखं मृत वाटतं. तिथे शटर एकशे पंचविसांशपर्यंत खाली आणावा लागतो, म्हणजे पात्यांची पूर्ण चकती उमटते. हेलिकॉप्टरचा पंखा आणखी संथ, तिथे साठांशही चालतं. इतक्या संथ शटरला कॅमेरा विमानाबरोबर फिरवावा लागतो, म्हणजे पॅनिंग. पाय घट्ट रोवायचे, कंबर वळवायची, आणि बटण दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही.

प्रकाशाचं गणितही जागेप्रमाणे बदलतं. आपण सुमारे साडेअठरा अंश अक्षांशावर. वर्षातला बराचसा काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे पूर्व-पश्चिम धावपट्टीवरच्या विमानाची दक्षिणेकडची बाजू उजळलेली आणि उत्तरेकडची सावलीत. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि हे उलटं होतं. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर तापलेल्या डांबरावरची हवा थरथरू लागते. कितीही महाग लेन्स लावली तरी दूरच्या विमानाच्या कडा वितळलेल्याच येतात. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून विमानं वाघोलीच्या बाजूने येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. आणि पावसाळ्याची एक देणगीही आहे. हवेत ओल भरपूर असली आणि लढाऊ विमानाने जोरात वळण घेतलं, की पंखांच्या वर क्षणभर पांढरी साय धरते. दाब एकदम कमी होतो, तापमान उतरतं, हवेतल्या बाष्पाचे थेंब होतात आणि लगेच विरतात. मला ते दृश्य पहिल्यांदा मिळालं खडकवासल्याला.

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा दीक्षान्त संचलनाचा सोहळा वर्षातून दोनदा होतो, साधारण मे आणि नोव्हेंबरच्या अखेरीस. चेतक हेलिकॉप्टर, प्रबोधिनीची सुपर डिमोना मोटर ग्लायडर आणि शेवटी सुखोई, अशी सलामी मी तिथे अनेकदा टिपली. विमान फ्रेममध्ये एकटंच आलं तर ते कुठेही काढलेलं असू शकतं. खाली खेत्रपाल मैदान, मागे सुदान ब्लॉकचा घुमट, पांढऱ्या गणवेशातल्या रांगा आणि वर विमान, असं आलं तरच ते पुण्याचं चित्र होतं. ३० मे २०२५ ला मुलींची पहिली तुकडी प्रबोधिनीतून बाहेर पडली, सतराजणी. मी तोवर नोकरीतून मोकळा झालो होतो. दुसऱ्या दिवशी सगळी वर्तमानपत्रं विकत आणली आणि आकाशातलं विमान आणि जमिनीवरची मुलगी एका चौकटीत कुणी आणली आहे हे शोधत बसलो.

ज्याला शिकायचं आहे त्याला मी हडपसरला पाठवतो. तिथे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं ग्लायडिंग केंद्र आहे. रीतसर विचारावं, परवानगी मिळाली तरच कॅमेरा काढावा. विंचच्या तारेने ग्लायडर ओढलं जातं, तीव्र चढत वर जातं, तार सुटते, आणि मग फक्त वाऱ्याचा आवाज. घारी जिथे घिरट्या घालतात तिथे वर जाणारी गरम हवा असते; ग्लायडरचा वैमानिक त्यांच्याकडे बघून आपली वाट ठरवतो. तिथे बघणाऱ्याला हवा दिसायला लागते. हे एकदा जमलं की जेट विमान सोपं वाटतं.

आता वहीबद्दल. ती मी विमानांसाठी लिहिली, पण मागे वळून चाळताना तिच्यात पुणंच दिसतं. २००८ च्या पानांवर लुफ्तान्सा येतं: पुणे ते थेट फ्रँकफर्ट, छोटं विमान आणि सुरुवातीला आत सगळी आसनं बिझनेस क्लासची. तेव्हा चाकणला जर्मन मोटारींचे कारखाने उभे राहत होते. लोहगावची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची, मोठ्या विमानाला पूर्ण भार घेऊन लांबचा पल्ला गाठायला ती अपुरी. म्हणून छोटं विमान, आणि छोट्या विमानाचा खर्च निघावा म्हणून महाग आसनं. पेन्शनरांचं पुणं कारखान्यांचं आणि संगणकाचं झालं, हे लोक वेगवेगळ्या पुराव्यांनी सांगतात. माझ्याकडे त्याचा पुरावा म्हणून वहीतली ही एक ओळ आहे.

२०२० च्या ऑक्टोबरपासून रात्रीच्या रकान्यात काहीच नाही. धावपट्टीचं काम सुरू होतं, रात्री आठ ते सकाळी आठ उड्डाणं बंद. पुढच्या वर्षी १६ ते २९ ऑक्टोबर असे चौदा दिवस तर विमानतळ पूर्ण बंद होता. या दोन कोऱ्या जागांच्या मध्ये, १२ जानेवारी २०२१ चं पान आहे.

आदल्या रात्रीपासून आम्ही मांजरीला सीरम इन्स्टिट्यूटच्या दाराबाहेर उभे होतो. थंडी होती, सगळ्यांच्या तोंडावर मास्क, चष्म्याच्या काचा वाफेने भरत होत्या. पहाटे पाचच्या आत तीन शीतगृह ट्रक बाहेर पडले. त्याआधी दारात नारळ फुटला. पोलिसांच्या गाड्या पुढे-मागे घेऊन ट्रक लोहगावकडे गेले. सकाळी आठच्या सुमाराला कोविडवरच्या कोविशील्ड लशीचे खोके घेऊन स्पाइसजेटचं पहिलं विमान दिल्लीला निघालं. त्या दिवसात नऊ विमानांनी ५६ लाख ५० हजार मात्रा पुण्याहून नेल्या, चेन्नई, कोलकाता, गुवाहाटी, शिलाँग, पाटणा, लखनौ अशा शहरांत. दोन ते आठ अंश तापमानात जपत न्यायचं औषध, रोजच्या प्रवासी विमानांच्या पोटातून.

विमानाचा म्हणून त्या दिवशी बघण्यासारखा काहीच प्रकार नव्हता. नवं विमान नाही, दुर्मीळ रंगसंगती नाही, पाहुणी कंपनी नाही. रोज दिसणारी, हजारदा नोंदलेली यंत्रं. पण माझ्या वहीतलं सगळ्यात मोलाचं पान तेच आहे. ते भरताना मला कळलं, की मी इतकी वर्षं विमानं मोजत नव्हतो. हे शहर जगाला काय देतं आणि जगाकडून काय घेतं याची नोंद ठेवत होतो. कुठलं विमान आलं हा प्रश्न अपुरा आहे. ते कशासाठी आलं, हे विचारल्यावर छंदाला अर्थ येतो.

छायाचित्रणाच्या नियमांबद्दल अनेक तरुण स्पॉटर चिडून बोलतात. त्यांची तगमग मला कळते. १९३७ च्या विमान नियमांपासून सरकारी विमानतळावर परवानगीशिवाय फोटो काढायला बंदी आहे, आणि लष्करी ठिकाणांना १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम लागू होतो. २००१ मध्ये ग्रीसमध्ये कालामाता इथल्या लष्करी विमानतळावरच्या कार्यक्रमात आलेल्या ब्रिटिश आणि डच छांदिष्टांना हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली. पुढच्या वर्षी शिक्षा झाली आणि अपिलात ते निर्दोष सुटले. २०१० मध्ये दिल्लीत विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरलेल्या दोन ब्रिटिश स्पॉटरना असाच त्रास सोसावा लागला. नोंद करणाऱ्याच्या मनात काय आहे हे पहारेकऱ्याला दिसत नाही. त्याला दिसते ती लांब लेन्स.

म्हणून मी मुलांना सांगतो: लोहगावला कुंपणाजवळ जाऊ नका, गच्चीवरूनही तळाच्या दिशेने लेन्स रोखू नका, विमानात बसलात तरी इथे खिडकीतून फोटो घेऊ नका. ज्या तळामुळे आपल्याला ही विमानं ऐकायला मिळतात, त्याच्या सुरक्षिततेपुढे आपला एक फोटो काहीच नाही. बंदी फोटोला आहे. कान, डोळे आणि प्रवासी विमानांच्या नोंदीची वही आपल्यापाशी राहतेच.

पण यासोबत एक मागणीही मला पूर्ण गांभीर्याने मांडायची आहे. झुरिकच्या आणि टोकियोच्या हानेदा विमानतळावर सामान्य माणसांसाठी प्रेक्षक गच्च्या आहेत. प्रवासाचं तिकीट नसलेली माणसं, आजी-आजोबा, शाळेच्या सहली तिथे येतात, विमानं बघतात, फोटो काढतात, घरी जातात. ज्याला बघायचं आहे त्याला उघडी, दिवे लावलेली, ठरलेली जागा दिली की तो आडबाजूच्या टेकडीवर जात नाही. सुरक्षेच्या दृष्टीनेही हे शहाणपणाचं आहे.

लोहगावला हे शक्य नाही, आणि तिथे मी ते मागणार नाही. १४ जुलै २०२४ पासून तिथे नवं टर्मिनल वापरात आहे. लोहगाव हे तुकोबांचं आजोळ, त्यांचं नाव विमानतळाला द्यावं असं राज्याने ठरवलं आहे. पण तळ हवाई दलाचाच राहणार. मात्र पुरंदरला जो विमानतळ व्हायचा आहे, तो संपूर्ण नागरी असेल. त्यासाठी पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, उदाचीवाडी आणि वनपुरी या सात गावांची जमीन मागितली जात आहे. मी त्या भागात अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागांचे फोटो काढले आहेत. तिथल्या माणसांचा विरोध मी ऐकला आहे, आणि विमानांवर माझं कितीही प्रेम असलं तरी त्यांच्या म्हणण्याचं वजन मला कमी वाटत नाही. जमिनीचा न्याय आधी. मोबदला, पुनर्वसन, पोटापाण्याची सोय, हे सगळं कागदावर नव्हे तर हातात पडल्यानंतरच बाकीच्या गोष्टी बोलाव्यात.

तो न्याय झाला आणि विमानतळ उभा राहणारच असेल, तर आराखड्यात पहिल्या दिवसापासून प्रेक्षक गच्ची असावी. इमारत बांधून झाल्यावर ती जोडता येत नाही. सुरक्षेच्या भिंती, काचा, जिने, सगळं तिला धरूनच आखावं लागतं. दक्षिणेकडून धावपट्टी दिसेल अशी ती ठेवावी, म्हणजे वर्षातला बराच काळ सूर्य पाठीशी राहील. कॅमेऱ्याला मुभा द्यावी, कुठे मुभा नाही हे मराठीत स्पष्ट लिहावं. आणि त्या सात गावांतल्या मुलांना तिथे कायम विनाशुल्क प्रवेश असावा. त्यांच्या आजोबांच्या बागेवरून उडणारं प्रत्येक विमान काय घेऊन आलं आणि काय घेऊन गेलं, हे बघण्याचा आणि लिहून ठेवण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.